सिलिंडरच्या चावीपासून पदवीपर्यंत

राष्ट्रपतींची सही २८ मार्च २०२१ रोजी झाली आणि 'राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम' कायद्याच्या पुस्तकात दाखल झाला. त्यानंतर बाराव्या दिवशी, ९ एप्रिलला संध्याकाळी, कोविडमुळे रायपूर जिल्ह्याला टाळे लागले. टाटीबंधचे एम्स असो की मेकाहारा, आयसीयूतल्या खाटेसाठी लोक मंत्र्यांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांच्या ओळखी काढत होते. (मेकाहारा म्हणजे मेडिकल कॉलेज हॉस्पिटल, रायपूर. आंबेडकरांचे नाव लागून कितीतरी वर्षे झाली, तरी रिक्षावाल्याला मेकाहाराच सांगावे लागते.) अधिनियमाच्या परिशिष्टात पन्नासहून अधिक व्यवसायांची यादी आहे आणि तीत 'रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट' आहे. केंद्राच्या कायद्यात इतकी वर्षे ज्याला जागा नव्हती, त्याला ती मिळाली तेव्हा तो पीपीई किटमध्ये घामाने भिजून कुणाच्या तरी व्हेंटिलेटरची नळी बदलत होता. त्या दिवशी त्याने राजपत्र वाचले असण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

वाचले असते तर त्याला दोन आकडे दिसले असते. 'सहयोगी आरोग्य व्यावसायिक' म्हणवून घ्यायला पदविका किंवा पदवी, किमान २००० तासांचे शिक्षण, दोन ते चार वर्षांत. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणवून घ्यायला पदवीच हवी, किमान ३६०० तास, तीन ते सहा वर्षांत. मधले अंतर १६०० तासांचे. आठ तासांची एक ड्युटी धरली तर दोनशे ड्युट्या, म्हणजे आयसीयूतल्या माणसाचे वर्षभराचेही काम नाही. पण हे तास मोजले जात नाहीत, कारण ते वर्गात बसून नव्हे, रुग्णाच्या उशाशी उभे राहून काढलेले असतात. दहा-दहा वर्षे व्हेंटिलेटर हाताळलेल्या माणसाने पदवी घ्यायची तर कुठे, केव्हा आणि कशी, हा प्रश्न या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत अडकला आहे. ही फट आपल्याकडे आज पडलेली नाही. तिचा वंश जुना आहे आणि त्याची एक शाखा आमच्या छत्तीसगडातून जाते.

सुरुवात मात्र चावीपासून करावी लागेल. वॉर्डात पाइपने ऑक्सिजन येण्याआधी तो सिलिंडरने यायचा. काळे अंग, पांढरा खांदा, आणि मुंडीवर चावीने उघडायचा व्हॉल्व्ह. चावी ज्याच्या कमरेला, त्याच्या हाती वॉर्डाचा श्वास. त्याला पदनाम असे नव्हते. कुठे वॉर्डबॉय, कुठे ऑक्सिजनवाला, आमच्याकडे नुसतेच 'भैया'. पण त्याचे गणित पक्के असे. मोठ्या, म्हणजे जंबो सिलिंडरमध्ये साधारण सात घनमीटर, सात हजार लिटर वायू मावतो, भरलेल्या सिलिंडरचा काटा दीडशेच्या आसपास असतो. मिनिटाला दहा लिटर चालू असेल तर भरलेला सिलिंडर सातशे मिनिटे, म्हणजे साडेअकरा तासांहून थोडा जास्त पुरतो. काटा पन्नासवर आला की एक तृतीयांश उरला, म्हणजे चार तासांना काही मिनिटे कमी. रात्री अकराला काटा पन्नासवर असेल तर पहाटे तीनच्या आत नवा सिलिंडर खाटेपाशी हवा. सिस्टरने विचारायचे, "भैया, प्रेशर कितना बचा है?" आणि भैयाने तास सांगायचे, प्रेशर नाही. हे गणित त्याला कुठल्याही पुस्तकाने शिकवलेले नव्हते.

अमेरिकेतही या व्यवसायाचा पहिला पुरुष असाच आहे. शिकागोच्या मायकल रीस रुग्णालयात १९४३ मध्ये डॉ. एडविन लेव्हिन यांनी ऑक्सिजनचे तंबू आणि सिलिंडर सांभाळणाऱ्या माणसांना कामावरच शिकवायला सुरुवात केली. १९४६ मध्ये या लोकांची संघटना उभी राहिली, पुढच्या वर्षी तिची रीतसर नोंदणी झाली. १९६० मध्ये परीक्षा घेणारी नोंदणी संस्था निघाली. परवान्याचा कायदा करणारे पहिले राज्य कॅलिफोर्निया, आणि तेही १९८२ मध्ये. म्हणजे चावीपासून परवान्यापर्यंत यायला तिथेही चाळीस वर्षे लागली. आपल्याकडच्या उशिराबद्दल लिहिताना हे लक्षात ठेवलेले बरे.

मधल्या काळात या कामाचे रूपच बदलून टाकणारी घटना कोपनहेगनमध्ये घडली. १९५२ च्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात लोखंडी फुप्फुस एकच होते, छातीवर बसवायची आणखी सहा यंत्रे होती, आणि रुग्ण रांगेने येत होते. श्वास थांबलेल्या रुग्णांपैकी दहातले आठ-नऊ मरत. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावरची युक्ती वॉर्डात आणली. घशाला छिद्र पाडायचे, नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबत राहायचे. दाबायला माणसे कुठून आणायची? वैद्यकीय महाविद्यालयातले सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून बसले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ८७ वरून २५ च्या आसपास आले. अतिदक्षता विभाग ही कल्पना तिथे जन्मली आणि चार वर्षांनी डेन्मार्कमध्येच आपोआप फुगणारी अंबू पिशवी बाजारात आली. आजही आपल्या प्रत्येक रुग्णवाहिकेत ती लटकलेली असते. त्या दीड हजारांपैकी एकाकडेही श्वसनोपचाराची पदवी नव्हती. तशी पदवी तेव्हा जगात कुठेच नव्हती.

भारतात ही विद्या मुंबईने आधी उचलली. साठच्या दशकाच्या अखेरीस डॉ. फरोख उदवाडिया यांनी ब्रीच कँडीत आणि मग जे. जे. मध्ये अतिदक्षतेची घडी बसवली. धनुर्वाताचे रुग्ण व्हेंटिलेटरवर आठवडेच्या आठवडे सांभाळायचे ते काम जगाने वाखाणले. १९९३ मध्ये अतिदक्षतेच्या डॉक्टरांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली तीही मुंबईतच. पण एक गोष्ट झाली नाही. अमेरिकेत यंत्र चालवणारा वेगळा व्यावसायिक तयार झाला, तसा आपल्याकडे झाला नाही. कारण सरळ आहे. सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर मुबलक आणि फुकटात पडल्यासारखे. जिथे ते नाहीत तिथे भूलतज्ज्ञाच्या हाताखालचा ओटी टेक्निशियन, आणि तोही नसेल तर सिस्टर. मणिपालसारख्या ठिकाणी रेस्पिरेटरी थेरपीची पदवी सुरू झाली, तिथून २०१२ पासून या विषयाचे इंग्रजी नियतकालिकही निघू लागले. दक्षिणेत ही शाखा रुजली. मध्य भारतात मात्र ती फक्त नोकरीच्या जाहिरातीत दिसे, आणि जाहिरातीखाली 'किंवा समकक्ष अनुभव' असे लिहिलेले असे.

आता रायपूर. इथले वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे. त्याचे जुने रुग्णालय दाऊ कल्याण सिंह यांच्या देणगीतून उभे राहिलेले, शहरात 'डीकेएस' म्हणून ओळखले जाणारे. १ नोव्हेंबर २००० ला राज्य झाले आणि नव्या सरकारला बसायला जागा नव्हती, म्हणून डीकेएसच्या इमारतीत मंत्रालय थाटले गेले. जिथे रुग्ण निजत तिथे बारा वर्षे फायली निजल्या. २०१२ मध्ये मंत्रालय नव्या रायपूरला गेले आणि २०१८ मध्ये डीकेएस पुन्हा रुग्णालय झाले, या वेळी सुपर स्पेशालिटी. नव्या राज्याच्या आरोग्याचा इतिहास या एका इमारतीच्या पाटीवरून सांगता येईल. दरम्यान २०१२ मध्ये एम्स आले. २००८ मध्ये आरोग्य विज्ञान व आयुष विद्यापीठ स्थापन झाले होते. सह-चिकित्सीय परिषद टेक्निशियनांची नोंदणी करू लागली होती. कागदावर सगळी यंत्रणा होती.

आणि श्वासाचे रुग्ण तर इथे कधीच कमी नव्हते. सिलतरा-उरला पट्ट्यातल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी भुकटी रायपूरच्या गच्च्यांवर सकाळी बोटाने गोळा करता येते. वाळत घातलेले पांढरे कपडे इथे पांढरे उतरत नाहीत, हे इथल्या कुठल्याही गृहिणीला विचारा. दुसरा आजार रक्तातला: सिकलसेल, छत्तीसगड आणि विदर्भ दोघांच्याही घरचा. सिकलसेलच्या मुलाच्या छातीत दुखू लागले, ताप आला, की डॉक्टर 'अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम'च्या भीतीने धास्तावतात. दुखते म्हणून मूल पूर्ण श्वास घेत नाही, फुप्फुसाचा तळ मिटतो आणि तिथे आजार बळावतो. यावरचे एक साधन म्हणजे तीन रंगीत गोळ्यांचे प्लास्टिकचे खेळण्यासारखे यंत्र, ज्यातून श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जागेपणी दर दोन तासांनी असे दहा खोल श्वास घ्यायला लावलेल्या मुलांमध्ये फुप्फुसाची गुंतागुंत कितीतरी कमी झाली होती. रुग्णालयात दाखल होण्याच्या अशा एकोणीस प्रसंगांपैकी एकात ती झाली, तर श्वासाचा व्यायाम नसलेल्या एकोणीस प्रसंगांपैकी आठांत. यंत्र स्वस्तातले, पण दर दोन तासांनी मुलाच्या शेजारी बसून "अजून एकदा, अजून वर" म्हणणारा माणूस लागतो. तो डॉक्टर नसतो. सिस्टरला तीस खाटा असतात. हे ज्याचे काम, तो माणूस रायपूरच्या वॉर्डात नेमायचा राहून गेला.

मग कोविड आला. मार्च २०२० मध्ये राज्यातला पहिला रुग्ण एम्समध्ये दाखल झाला. केंद्राने देशी बनावटीच्या पन्नास हजार व्हेंटिलेटरची मागणी नोंदवली. जिल्हा रुग्णालयांत खोकी येऊन पडली. किती उघडली गेली आणि किती नाही, यावर त्या काळात वर्तमानपत्रांनी पुष्कळ लिहिले. ऑक्सिजनच्या बाबतीत छत्तीसगड सुदैवी म्हणायचे. तासाभराच्या अंतरावर भिलाईचा पोलाद कारखाना, त्याच्या ऑक्सिजन संयंत्रातून निघालेले टँकर दुसऱ्या राज्यांतही गेले. महाराष्ट्राला मात्र कळंबोलीहून विशाखापट्टणमला रेल्वेने रिकामे टँकर पाठवावे लागले. ती पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस भरून नागपूर आणि नाशिकला पोहोचली तोवर, २१ एप्रिलला, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी गळून किमान बावीस माणसे गेली होती. वायू असणे आणि तो माणसाच्या फुप्फुसात नीट पोहोचणे यांच्यामध्ये जे काही आहे, ते त्या महिन्यात सगळ्या देशाला दिसले.

तिथे नेमके काय असते, हे एका उदाहरणाने सांगतो. पंच्याऐंशी किलोचा, पाच फूट पाच इंच उंचीचा पुरुष, फुप्फुसे सुजलेली, व्हेंटिलेटरवर. एका श्वासाला किती हवा द्यायची? वजनाच्या हिशेबाने किलोमागे दहा मिलिलिटर धरले तर साडेआठशे. दिसायला बरोबर, आणि जीवघेणे. कारण फुप्फुस माणसाच्या उंचीवर ठरते, पोटावर नाही. पुरुषासाठी सूत्र असे: पन्नास अधिक ०.९१ गुणिले उंचीतून १५२.४ वजा केलेले सेंटिमीटर. एकशे पासष्ट सेंटिमीटरला साडेएकसष्ट किलो येतात. किलोमागे सहा धरले की सुमारे तीनशे सत्तर मिलिलिटर. साडेआठशे आणि तीनशे सत्तर. २००० साली ८६१ रुग्णांवरचा अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सूत्राच्या किलोमागे सहा मिलिलिटरचा श्वास दिलेल्यांचा मृत्यूदर शेकडा ३१, आणि बारा मिलिलिटरचा जुना हिशेब चालवलेल्यांचा जवळजवळ ४० निघाला. म्हणजे आयसीयूतल्या सर्वांत महत्त्वाच्या उपकरणांपैकी एक म्हणजे शिंप्याची मोजपट्टी. निजलेल्या रुग्णाला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजायचे आणि मग नॉब फिरवायचा. अनुभवी टेक्निशियनला तीनशे सत्तर लावायचे हे माहीत असते, कारण साहेबांनी सांगितले असते. का लावायचे, आणि पहाटे तीनला दाबाचा अलार्म वाजू लागल्यावर त्यातले काय बदलायचे नि काय नाही, हे त्याला कुणी बसून शिकवलेले नसते. काहींनी स्वतःहून शिकून घेतले आहे. त्यांचे कौतुक आहे, पण त्यांच्या शिकण्याला कागद नाही.

हाताला येते, कागदाला येत नाही, अशा माणसांचे काय करायचे? हा प्रश्न भारतीय वैद्यकात पहिल्यांदा टेक्निशियनसाठी नव्हे, चक्क डॉक्टरांसाठी निघाला होता. आमच्या भागाचा त्याच्याशी थेट संबंध आहे. ब्रिटिश काळात रायपूर मध्य प्रांतात, राजधानी नागपूर. भोसल्यांच्या काळापासून इथल्या मराठी घरांची नाळ नागपूरशी जोडलेली. रायपूरच्या तात्यापाऱ्यातला मुलगा डॉक्टर व्हायचा तर रेल्वेने नागपूरला जाणार हे ठरलेले. तिथे १९१४ मध्ये मेयो रुग्णालयाशी जोडलेले रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले. ते कॉलेज नव्हते, स्कूल होते, आणि तिथून एल.एम.पी. ही पदविका मिळे. विदर्भ आणि छत्तीसगडातल्या तालुक्यांच्या गावी पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत जे म्हातारे डॉक्टर होते, त्यांच्यातले कितीतरी हेच एल.एम.पी. भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशाचा हिशेब मांडला: नोंदणीकृत डॉक्टर ४७,५२४, त्यांतले पदवीधर १७,६५४ आणि पदविकाधारक २९,८७०. म्हणजे देशाचे आरोग्य ज्यांच्या खांद्यावर होते, त्यांतले दर पाचांत तीन जण 'अर्धे डॉक्टर' समजले जात. समितीने ठरवले की यापुढे एकाच प्रतीचा डॉक्टर, पदवीधर. समितीतल्या काही सदस्यांनी विरोध नोंदवला, खेड्यांचे काय होईल म्हणून. ऐकले गेले नाही. त्याच वर्षी पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल कॉलेज झाले, पुढच्या वर्षी नागपूरला वैद्यकीय महाविद्यालय आले.

पण त्या वेळच्या लोकांनी एक शहाणपण दाखवले, आणि माझ्या मते या सगळ्या वंशावळीतले तेच सर्वांत महत्त्वाचे पान आहे. पदविका बंद करताना त्यांनी पदविकाधारकांना रस्त्यावर सोडले नाही. 'कंडेन्स्ड एम.बी.बी.एस.' नावाचा आखूड अभ्यासक्रम काढला. जे आधीच येते ते पुन्हा शिकवायचे नाही, जे राहिले तेवढेच शिकवायचे, आणि परीक्षा मात्र पदवीचीच. गल्लीतल्या एल.एम.पी. डॉक्टरांनी संसार सांभाळत, पन्नाशीला येताना एम.बी.बी.एस. होऊन पाटी बदलल्याच्या गोष्टी जुन्या घरांत अजून सांगतात.

हीच तऱ्हा नंतर परिचारिकांच्या वाट्याला आली. जी.एन.एम. ही पदविका झालेल्या, नोकरीत असलेल्या सिस्टरांसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. इग्नूने १९९४ मध्ये तो दूरशिक्षणाने सुरू केला, पण निव्वळ पोस्टाने पुस्तके पाठवून नाही; अनुभवाची अट, नर्सिंग कॉलेजांत अभ्यासकेंद्रे, प्रात्यक्षिके. नोकरी न सोडता पदवी. आज अनेक रुग्णालयांच्या मेट्रनच्या दालनात भिंतीवर जे प्रमाणपत्र आहे, ते या वाटेने आलेले आहे.

तिसरी गोष्ट दुःखाची आहे आणि ती खास छत्तीसगडची. २००१ मध्ये नव्या राज्याने कायदा करून तीन वर्षांचा वैद्यकीय पदविका अभ्यासक्रम काढला. आदिवासी भागातल्या प्राथमिक केंद्रांना डॉक्टर मिळेनात, म्हणून हा उपाय. म्हणजे भोर समितीने बंद केलेले दार छत्तीसगडने पुन्हा किलकिले केले. अभ्यासक्रमाचे नाव दोन-तीनदा बदलले, विद्यार्थी रस्त्यावर उतरले, काही वर्षांत प्रवेश थांबवले गेले. जे पास होऊन बाहेर पडले त्यांना 'ग्रामीण वैद्यकीय सहायक' म्हणून बस्तर-सरगुजाच्या केंद्रांवर नेमले. २०१० मध्ये तज्ज्ञांनी त्यांची आणि एम.बी.बी.एस. डॉक्टरांची तुलना केली, तर प्राथमिक उपचारांत दोघांची क्षमता जवळपास सारखी निघाली. तरीही त्यांना पुढे एम.बी.बी.एस.कडे नेणारी कंडेन्स्ड वाट कुणी बांधली नाही. अभ्यासक्रम काढणारे सरकार होते, बंद करणारे सरकार होते, पूल बांधायला कोणी नव्हते.

एल.एम.पी.ला पूल मिळाला, सिस्टरांना मिळाला, ग्रामीण सहायकांना मिळाला नाही. व्हेंटिलेटरवाल्यांना काय मिळणार?

इथे लोक अमेरिकेकडे बोट दाखवतात. तिथे बहुतेक रेस्पिरेटरी थेरपिस्ट कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन, परीक्षा देऊन, परवाना मिळवून कामाला लागत. मग तिथल्या संघटनेने बॅचलर पदवीचा आग्रह धरला आणि १ जानेवारी २०१८ पासून मान्यता देणाऱ्या संस्थेने नवा अभ्यासक्रम बॅचलर पदवीचाच असला पाहिजे असे ठरवले. आधीपासून कामावर असलेल्यांसाठी विद्यापीठांनी पदवी पूर्ण करायचे अभ्यासक्रम काढले, बहुतेक ऑनलाइन. रात्रपाळी करून दुपारी लॅपटॉप उघडायचा. त्यात खाटेजवळचे शिक्षण फारसे नसते. संशोधन वाचणे, व्यवस्थापन, शिकवणे, असेच विषय जास्त. यावर तिथेही कुरकुर आहे की पदवी घेऊन रुग्णाजवळ काय बदलले? पण फरक लक्षात घ्यायला हवा. अमेरिकन माणसाच्या खिशात परवाना आधीपासून असतो, पदवी त्यावरचा मजला. आपल्याकडे पदवीच पाया धरला जातो आहे. आखाताचेही तसेच. सौदी अरेबियात पदविकावाला 'टेक्निशियन' आणि पदवीवाला 'स्पेशालिस्ट' म्हणून वर्ग होतो, आणि पगार वर्गाप्रमाणे. रायपूर-नागपूरच्या तरुण टेक्निशियनांना पदवीची ओढ लागली ती राजपत्र वाचून नव्हे, दम्मामला गेलेल्या मित्राचा पगार ऐकून. यात कमीपणा मानायचे कारण नाही.

अमेरिकेचा ऑनलाइन मार्ग मात्र आपल्याला बंद झाला आहे. २०२१ च्या अधिनियमाखाली येणाऱ्या आरोग्यशाखांचे अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवायचे नाहीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केले. हा निर्णय अर्धा बरोबर आहे. बारावी झालेल्या मुलाला मोबाइलवर व्हिडिओ दाखवून व्हेंटिलेटर शिकवता येत नाही, आणि तशी दुकाने उघडली होती हेही खरे. पण त्याच नियमाच्या कचाट्यात तो माणूसही सापडला, ज्याचे प्रात्यक्षिक रोज रात्री आठला सुरू होते. त्याच्यापुढे आता उरते काय? नोकरी सोडून पूर्णवेळ पदवीला बसायचे. काही विद्यापीठे पदविकावाल्याला दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश देतात, तरी घरभाडे कोण देणार? किंवा पदविकेवरच राहायचे आणि नव्याने आलेल्या पदवीधराला मशीन कसे सुरू करायचे ते दाखवत, त्याच्याच हाताखाली काम करायचे.

पूल बांधणे अशक्य नाही, नमुना घरातच आहे. कंडेन्स्ड एम.बी.बी.एस.चे तत्त्व घ्यावे: येते ते मोजा, येत नाही ते शिकवा, परीक्षा पूर्ण घ्या. टेक्निशियनने आयसीयूत काढलेल्या तासांची नोंदवही भूलतज्ज्ञ किंवा छातीविकारतज्ज्ञाच्या सहीने ठेवली जावी आणि तिचा ठरावीक भाग तासांत धरला जावा. शरीरशास्त्र, फुप्फुसाचे कार्य, रक्तातल्या वायूंची तपासणी, औषधे, लहान मुलांचा श्वास हे विषय वर्गात, समोरासमोर शिकवावेत. पण वर्ग रायपुरात, पाळी संपल्यानंतरच्या वेळात. प्रात्यक्षिक परीक्षा खाटेपाशी घ्यावी, मोजपट्टीसकट. शिकवणारे एम्समध्ये आहेत, मेकाहारात आहेत, डीकेएसमध्ये आहेत. पदवी द्यायला आयुष विद्यापीठ आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठालाही नागपुरात हेच करता येईल. महाराष्ट्राला स्वतःचा परावैद्यक परिषद अधिनियमही आहे. अडचण एकच, राज्यांच्या परिषदा. २०२१ चा कायदा राबवण्यात राज्यांनी इतकी टाळाटाळ केली की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला १२ ऑक्टोबरची मुदत घालून द्यावी लागली. परिषदांनी नोंदणीचे रजिस्टर उघडताना पहिल्याच पानावर पुलाचा नियम लिहावा, आणि त्याला मुदत घालावी, म्हणजे पाच-सात वर्षांत आजचे सगळे कामकरी पदवीत येतील आणि आखूड वाट मग बंद करता येईल. एल.एम.पी.च्या वेळी हेच झाले होते.

तोवर एक सूचना, तुमच्या घरात कुणी आयसीयूत टेक्निशियन असेल तर त्याच्यासाठी. 'नोकरी करत घरबसल्या बी.एस्सी. रेस्पिरेटरी' अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरण्याआधी प्रवेशाचे सत्र पाहा. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या किंवा त्यानंतरच्या सत्राचा दूरशिक्षणातला किंवा ऑनलाइन प्रवेश असेल, तर ती पदवी चालणार नाही. प्रत्यक्ष वर्ग असतील तर विद्यापीठाची मान्यता लेखी मागा. आणि अनुभवाचा दाखला आजच, विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याने, यंत्रांची नावे आणि तास लिहून घेऊन ठेवा. तो मागायला गेल्यावर साहेबांची बदली झालेली असते.